तुमच्याकडे असं नसतं ना, दादा?

मामेभावाचा नाशिकच्या गंगापूर रोडवरून फोन आला, तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढत होतो. तो एका विनाअनुदानित शाळेत एकोणीस वर्षं खेळाचा शिक्षक आहे, त्यातली शेवटची सात उपमुख्याध्यापक. वरची खुर्ची रिकामी झाली, जाहिरात आली, मुलाखती झाल्या, चहा-बिस्किटं झाली आणि निवड झाली विश्वस्तांच्या जावयाची. "नाव आधीच ठरलं होतं. तुमच्याकडे असं नसतं ना, दादा?"

"तुमच्याकडे" या शब्दानं माझं डोकं फिरलं. नाशिकची निम्मी माणसं स्वतःचं रडगाणं अमेरिकेच्या आरतीनं संपवतात. तिकडे गुणवत्ता, तिकडे वशिला नाही, तिकडे आरक्षण नाही! मग मी त्याला एरिक बिएनमीची गोष्ट सांगितली.

आमच्या कॅन्सस सिटी चीफ्सचा हा सहायक प्रशिक्षक. फुटबॉल म्हणजे इथला, हातात धरून पळायचा. २०१८ ते २०२२ असे पाच हंगाम आक्रमणाची बाजू त्याच्याकडे होती. पहिल्याच हंगामात चीफ्सनं लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, सगळ्यात जास्त गुण केले आणि पुढे २०२० व २०२३ च्या फेब्रुवारीत दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. दर जानेवारीत त्याला मुलाखतींची बोलावणी येत. एकूण मुलाखती दहापेक्षा जास्त झाल्या, मुख्य प्रशिक्षकपद एकही मिळालं नाही. त्याच्या आधी त्याच खुर्चीत बसलेल्या डग पीडरसनला ईगल्सनं २०१६ मध्ये आणि मॅट नॅगीला बेअर्सनं २०१८ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून उचललं. ते दोघे गोरे, बिएनमी कृष्णवर्णीय.

कारणं ढीगभर सांगितली गेली. मैदानावरच्या चाली मुख्य प्रशिक्षक अँडी रीडच ठरवतो, मग श्रेय याला कसं द्यायचं? महोम्ससारखा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा हुकमी खेळाडू, असला की कोणीही जिंकेल. चीफ्स फेब्रुवारीपर्यंत खेळत राहतात आणि तोवर बाकीच्या संघांना त्याला करारबद्ध करता येत नाही. शेवटचं कारण खरं आहे. पहिलंही अर्धं खरं आहे, कारण नॅगीला शेवटच्या काही सामन्यांत रीडनं चाली ठरवू दिल्या होत्या. हे मी भावाला सांगितलं नाही. माझा मुद्दा पातळ झाला असता.

आणि आरक्षण नाही म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, इथं २००३ पासून रूनी नियम आहे. मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यावीच लागते. नोकरी द्यावी लागत नाही, फक्त मुलाखत. म्हणजे चहा-बिस्किटं. २०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस या कृष्णवर्णीय प्रशिक्षकानं लीगवर दावा ठोकला. त्यात तो म्हणतो, जायंट्स संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदाच्या मुलाखतीला तीन दिवस असताना बिल बेलिचिक या नामांकित प्रशिक्षकानं त्याला अभिनंदनाचा मेसेज पाठवला, जो खरं तर दुसऱ्या ब्रायनसाठी, ब्रायन डेबॉलसाठी, होता. नेमणूक त्या दुसऱ्याचीच झाली. जायंट्सनी आरोप नाकारला. विश्वस्तांनीही नाकारलाच असता.

भाऊ म्हणाला, "म्हणजे सगळीकडे सारखंच." त्यावरही मी चिडलो. इथं निदान कोर्टात जाता येतं, पेपरात चर्चा होते, असं काहीबाही बोललो. अमेरिकेला त्यानं चांगलं म्हटलेलं मला चालत नाही, आणि वाईट म्हटलेलं तर मुळीच नाही.

फोन ठेवल्यावर एक जुना फॉर्म आठवला. तीन वर्षांपूर्वी ऑफिसात एका जागेसाठी आम्ही तिघे मुलाखती घेत होतो. नाव ठरलेलं होतं, फक्त यादी पूर्ण करायची होती. एक कृष्णवर्णीय गृहस्थ आले, पंचावन्नच्या पुढचे, चिकाटीनं तयारी केलेले, फोल्डरला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. फॉर्मवर मी लिहिलं, "टीममध्ये बसतील असं वाटत नाही." माझ्याच हातानं लिहिलं. आठ वर्षं मी स्वतः दुय्यम पदावर आहे. माझ्याविषयी हेच वाक्य कोणी लिहिलं असेल का, असं तेव्हा मनात आलंही नाही.

आमचं जुनं घर पंचवटीत, काळारामाच्या देवळापासून दोन गल्ल्या आत. २ मार्च १९३० ला आंबेडकरांचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा देवळाची दारं बंद करून घेतली होती. आजोबा त्या वेळी बारा वर्षांचे, म्हणजे आठवणारं वय. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, आलेले पूर ते आम्हाला वर्षांसकट सांगायचे, पण बंद दारांबद्दल घरात एक शब्द कधी निघाला नाही. मीही विचारलं नाही. ही गोष्ट मी वाचली ती इथल्या लायब्ररीत, चाळिशीत.

भावाला हे सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी त्याला यूट्यूबवरच्या दोन लिंक पाठवल्या.

"तुमच्याकडे" मात्र डोक्यातून जात नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये ईगल्सनं चीफ्सला ४०–२२ असं धुतलं. लाल जर्सी अंगावर तशीच ठेवून मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, "आपण हरलो यार." नाशिकला सकाळ होती. मामेभावाचं लगेच उत्तर आलं, "कुठे हरलो दादा? काल कटकला रोहितनं ११९ मारले की!"