मळखाऊ

घराचा रंग ठरवायला आम्ही पाचजण बसलो त्या रात्री बाबा जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. पण ताटावरून उठताना त्यांनी शेड कार्ड बरोबर नेलं, आणि रात्री एक वाजता मी पाणी प्यायला उठलो तर ते देवघराच्या झिरो बल्बखाली एकेक पट्टी डोळ्यांशी धरून पाहत होते. परीक्षेच्या आदल्या रात्री मी असा कधी बसलो नाही. बसलो असतो तर आज रंगाच्या खर्चाची एवढी काळजी करावी लागली नसती.

निमित्त महालक्ष्म्यांचं. आमच्याकडे त्या एक साल मोठ्या काकांकडे बसतात, एक साल आमच्याकडे. यंदा आमची पाळी, म्हणजे पन्नास-साठ पानं, आणि त्यात उमरेडची आत्या. आत्या आधी भिंती पाहते, मग देवीकडे वळते. जुलैच्या मध्यातच आईनं कूलरच्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे दाखवशील आत्याले?"

कूलरची भिंत ही नागपुरातल्या प्रत्येक घरात असते. होळी आटोपली की खिडकीत लोखंडी कूलर चढतो, तो पहिला दमदार पाऊस येईपर्यंत उतरत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढं गेला की त्याच्यासमोरची जागा सोडायला माणूस तयार नसतो, मग त्याच्याखालच्या भिंतीचा विचार कोण करतो? ती चार महिने आतून पाणी पिते. नंतरचे चार महिने पाऊस तिला बाहेरून पाजतो. उरलेले चार महिने ती पोपडे टाकते. आमच्या भिंतीवर सिलन चढून चढून एक नकाशा तयार झाला होता, त्यात विदर्भ वेगळा झालेला स्पष्ट दिसत होता. बाबांनी तो बरीच वर्षं कौतुकानं सांभाळला.

"पावसाळ्यात कोणी रंग देते का बापा?" असं ज्यानं ऐकलं त्यानं विचारलं. पेंटरनंही विचारलं. "सुकन नाही भाऊ," असं म्हणत त्यानं ॲडव्हान्स खिशात टाकला.

आता रंग कोणता? शेड कार्डात हजाराच्या वर रंग. नुसत्या पांढऱ्याचे इतके प्रकार की त्यांच्यातला फरक पांढऱ्यालाही सांगता आला नसता. नावं तर अशी हळवी की, पेंटरसमोर ती मोठ्यानं वाचायची मला लाज वाटत होती. "भाऊ, नंबर सांगा," तो म्हणाला. त्याला कळलं असावं.

माझी पोरगी मानसशास्त्र शिकते. कॉलेजात जे शिकवतात त्याचा प्रयोग घरात करायचा, ही तिची पद्धत. तिनं सांगितलं की माक्स ल्यूशर नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञानं 1947 मध्ये एक चाचणी काढली. माणसापुढं रंगीत कार्डं मांडायची, आवडीच्या क्रमानं उचलायला लावायची, आणि त्यावरून स्वभाव सांगायचा. छोट्या चाचणीत आठच रंग: निळा, हिरवा, लाल, पिवळा, जांभळा, तपकिरी, काळा, राखाडी. तिनं जुन्या शेड कार्डातून आठ पट्ट्या कापल्या आणि सोफ्यासमोर मांडल्या.

आईचा नंबर पहिला. तिनं चष्मा लावला, आठही पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यातला मळखाऊ कोणता?"

ल्यूशरला स्वित्झर्लंडात हा प्रश्न कोणी विचारला नसावा.

मी क्रीम शोधत होतो. आठांत क्रीम नव्हतंच. "नाही तर त्यातल्या त्यात जवळचा घ्या ना पप्पा," म्हणून मी राखाडी उचलला. ल्यूशरच्या हिशेबानं राखाडी आधी उचलणारा माणूस कशातच पडायला मागत नाही, सगळ्यांपासून अंग राखून असतो. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, ही टेस्ट बरोबर आहे."

"पण आजकाल याला फार शास्त्रीय आधार आहे असं मानत नाहीत," पोरगी प्रामाणिकपणे म्हणाली.

"मंग शिकवते कायले?" बाबा.

तिच्याकडं आणखी एक गोष्ट होती. 1979 मध्ये अमेरिकेत सिॲटलच्या नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगवली. आत टाकलेले भांडखोर कैदी शांत होतात असं सांगितलं गेलं, आणि बेकर आणि मिलर या तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावानं तो गुलाबी ओळखला जाऊ लागला. नंतरच्या प्रयोगांत मात्र तसं काही सिद्ध झालं नाही. होणार कसं? आमचा हॉल 2001 साली ताईच्या लग्नासाठी गुलाबी केला होता. त्या हॉलात मानपानावरून, घोड्याच्या भाड्यावरून आणि बुंदी कमी पडण्यावरून जे झालं, ते बेकर-मिलरसाहेबांनी पाहिलं असतं तर कोठडी पुन्हा पांढरी केली असती.

एव्हाना मला वेगळीच शंका येऊ लागली होती. रंगावरून स्वभाव कळतो म्हणतात, पण आमच्या घरात आवडीनं रंग कोण मागत होतं? जो तो आपापल्या भीतीला रंग देत होता. आईला डागांची भीती, म्हणून मळखाऊ. हळदीचा हात, तेलाचं डोकं, पोरांची पेन्सिल, सगळं ज्यात जिरून जाईल आणि ज्यावरून उद्या कोणी तिच्या टापटिपीला नाव ठेवणार नाही असा रंग. बायकोला भीती होती की आपलं घर त्रिमूर्तीनगरच्या जाऊबाईंच्या घरासारखं दिसेल. जाऊबाईंकडं पिस्ता असल्यामुळं पिस्ता आमच्याकडं उच्चारायलाही बंदी होती. पोरगीला भीती होती की व्हिडिओ कॉलवर मागं आमचं घर आमच्या घरासारखं दिसेल.

बाबांचं मला उशिरा कळलं. त्यांना बाहेरून संत्र्याचा रंग पाहिजे होता, भडक. "लांबून दिसलं पाहिजे घर." कोणाला दिसलं पाहिजे, ते सांगत नव्हते. नोकरीत असताना आमच्या दारात माणसं यायची, अर्ज घेऊन, पत्रिका घेऊन, कधी नुसतीच चहाला. रिटायर झाल्यावर ती पत्ता विसरली. हनुमाननगरातलं तिसरं डावीकडचं घर सांगून आता कोणी येत नाही, म्हणून मग नारिंगी. मी त्यांना हसलो होतो. नंतर हसलो नाही.

आणि माझी भीती भांडणाची. क्रीम हा रंग भांडणाला घाबरणाऱ्या लोकांनीच शोधला असणार.

बायको ॲक्वावर, म्हणजे निळसर हिरव्यावर ठाम, बाबा संत्र्यावर. हा प्रश्न नागपूर मेट्रोनं किती सोपा सोडवला! ऑरेंज लाइन उत्तर-दक्षिण, ॲक्वा लाइन पूर्व-पश्चिम, आणि सीताबर्डीला दोघी भेटल्या तरी एक वरून जाते, एक खालून. आमच्या हॉलला एकच मजला. तिथं संत्रा आणि ॲक्वा समोरासमोर आले ते थेट धडकायलाच.

शेवटी मी एकटा दुकानात गेलो आणि क्रीम सांगून आलो. तीन खोल्यांच्या भिंती पंधराशे चौरस फूट, इमल्शनचं एक लिटर दोन हातांत साधारण सव्वाशे फूट चालतं, म्हणजे बारा लिटर. दुकानदारानं वीसची बादली दिली. "उरलं तं कामाले येते." मशीननं पांढऱ्या बेसमध्ये थेंब थेंब रंग सोडला, बादली हलवली, आणि झाकण बसवता बसवता तो म्हणाला, एकदा मशीनवर रंग घातला की माल परत घेत नाही. हे तो थेंब सोडायच्या आधी सांगू शकला असता.

पेंटरनं कूलरच्या भिंतीला पत्री लावली आणि भिंत कांद्यासारखी सुटायला लागली. वर माझं 2012 चं क्रीम. त्याखाली ताईच्या लग्नातला गुलाबी. त्याखाली पिस्ता, बाबांच्या प्रमोशनचा डिस्टेंपर. आणि तळाला चुना, आजोबांनी घर बांधलं तेव्हाचा.

चुन्यावर माझे डोळे अडकले. दिवाळीच्या आधी कळीचा चुना ड्रममध्ये पाण्यात पडला की विस्तवाशिवाय खदखदायचा. आम्ही पोरं लांबून पाहायचो, कारण एकाची भुवई त्यात गेल्याची गोष्ट प्रत्येक गल्लीत होती. त्यात डिंक, चिमूटभर नीळ. भिंतीला मारला की ओला चुना दिसायचाच नाही, आजी ओरडायची, "अरे, नुसतं पाणी फासून राहिला का?" दुपारी सुकला की भिंत एकदम पांढरीफेक निघायची आणि आजी गप्प व्हायची. चुन्याला शेड कार्ड नव्हतं. कोणाचा स्वभाव कसा, हे शोधायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती, सगळ्यांना सगळ्यांचा माहीत होता.

पुट्टी सुकायला चार दिवस लागले. पॉलिश पेपरची भुकटी पोह्यांत, पांघरुणात, बाबांच्या दाढीच्या ब्रशात. मग पोळ्याच्या दिवशी हॉलला पहिला हात बसला, आणि संध्याकाळी दिवे लावले तेव्हा आम्ही पाचजण दारातच थांबलो.

हॉल पिवळा होता. लिंबू नाही, क्रीम तर नाहीच. हळद.

"भाऊ, हाच नंबर आहे," पेंटरनं झाकण दाखवलं. नंबर तोच होता. दुकानात पांढऱ्या ट्यूबलाइटखाली मी दोन बोटांची पट्टी पाहिली होती. घरात चार भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि पिवळा पिवळ्याला चढवतो. वर बायकोनं गेल्या महिन्यात सगळे बल्ब पिवळट आणलेले. त्यात शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगोबाई! पिवळी मारबत घरातच बसवली का?"

"दुसरा हात उद्या देऊन त्यात काही करता येईल का?" मी पेंटरला विचारलं.

"उद्या? उद्या मारबत आहे न भाऊ."

बरोबर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात कोणी रंग देत नाही. इतवारीतून मारबतींचे, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या बायांचे, मोठाले पुतळे निघतात, एक काळी, एक पिवळी, सोबत बडग्यांचे पुतळे, आणि दोन्ही मारबती नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर आल्या की गर्दीला वेड लागतं. इंग्रजांच्या काळापासूनची ही मिरवणूक आहे. वर्षभर जे जे सोसलं ते सगळं तिच्यासोबत घालवायचं, महागाईपासून डासांपर्यंत. बाबा एकही वर्ष चुकवत नाहीत. या वेळी मी आणि पोरगीही गेलो, कारण त्या हॉलात बसवत नव्हतं.

पिवळी मारबत वळणावर दिसली. खरं सांगतो, तिचा पिवळा आमच्यापेक्षा उजळ होता. लोक ओरडत होते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" कोणी खोकला दिला, कोणी खड्डे दिले. बाबांनी दोन्ही हात वर केले आणि सत्तरी ओलांडलेल्या घशातून जेवढा निघतो तेवढा आवाज काढला:

"शेड कार्ड घेऊन जा गे मारबत!"

आजूबाजूचे चार-पाचजण वळून पाहायला लागले. त्यातला एक आमचाच पेंटर होता. त्यानं बाबांना हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून लवकर आला. बरोबर पांढऱ्या इमल्शनचा डबा. वीसच्या बादलीतला उरलेला रंग, त्यात एवढा पांढरा, तेवढा पांढरा, काठीनं ढवळून, खिडकीशी नेऊन, डोळा बारीक करून. किती मिसळला ते त्यानं मोजलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुसरा हात बसला तेव्हा भिंती ज्या रंगाच्या झाल्या त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. पण कोणी भांडलं नाही. बाबांसाठी बाहेरच्या फाटकाला संत्र्याचा ऑइलपेंट मारला. ते आता रोज संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून बसतात, आणि ओला असताना लागलेले दोन डास त्यांनी नखानं काढून टाकले.

महालक्ष्म्या बसल्या. मखरामागं डेकोरेशनवाल्यानं छतापासून फरशीपर्यंत जरीचे पडदे सोडले, बाकीच्या भिंतींवर झेंडूच्या माळा. ज्या रंगासाठी दीड महिना गेला तो तीन दिवस कोणाला हातभरही दिसला नाही. आत्यानं पडदा हातात घेऊन कापड पाहिलं आणि समाधानानं पानावर बसली.

विसर्जन झाल्यावर डेकोरेशनवाल्यानं खिळे उपटले. एका खिळ्याबरोबर कूलरच्या भिंतीचा तळहाताएवढा पापुद्रा निघून आला. मी पेंटरला फोन लावला. पॅचसाठी तसाच रंग करून दे म्हटलं.

"तो रंग आता होत नाही भाऊ," तो म्हणाला. "त्याच्यावर कॅलेंडर लावून टाका."

कॅलेंडर शोधून आणलं तेव्हा आई त्या भोकाशी वाकून उभी होती, चष्मा कपाळावर. आत, पुट्टीच्या कडेशी, पिस्ता दिसत होता.

"हाच तर सांगत होते मी तुले," ती हळूच म्हणाली, स्वयंपाकघराकडं एक नजर टाकून. "पाय, किती वर्षं झाली. काही दिसते का त्याच्यावर मळ?"