"शांत म्हणून चावरा ससा गळ्यात मारला" या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई, तुमच्या मुलाच्या बोटाला ससा चावला याचं खरंच वाईट वाटलं. सोमवारी दुकान बंद असतं हे आधी सांगायला हवं होतं, फोन उचलला गेला नाही त्याबद्दल माफी मागतो.

पण "गळ्यात मारला" हा शब्द फार लागला. नौपाड्यात अठरा वर्षं याच धंद्यावर माझं घर चालतंय. तुमचा एक स्टार वाचून परवा एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

तुम्ही नेलेला ससा हॉलंड लॉप, ही नेदरलँड्सची जात. पडलेले कान, वजन १.८ किलोच्या आसपास आणि स्वभाव माणसाळणारा. तो शांत असतो हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण शांत म्हणजे कुणीही कसंही उचलावं असं नाही हो! मोठ्या जनावरांचं भक्ष्य होणारा जीव आहे तो. पाय जमिनीवरून सुटले की त्याला घारीने उचलल्यासारखंच वाटतं. मग तो मागच्या पायांनी अशा लाथा झाडतो की नीट धरला नाही तर त्याचाच मणका मोडू शकतो. म्हणून एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली आणि अंगाशी घट्ट, हे मी काउंटरवर दोनदा करून दाखवलं. तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होतात. राग मानू नका, पण मुलाने त्याला कान धरून उचललं आणि मीच धावत जाऊन सोडवलं.

तुम्ही टाकलेला फोटोही नीट बघा. सोसायटीची सात-आठ मुलं भोवती आणि तो कान पाठीला चिकटवून कोपऱ्यात दबून बसलाय. भर मे महिन्यात स्कूटरवर, बंद खोक्यातून कासारवडवलीपर्यंत गेलेला अडीच महिन्यांचा जीव, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो. घाबरला, म्हणून चावला.

आठ-दहा दिवस त्याला उचलूच नका. जमिनीवर बसा, पुढ्यात सुकं गवत ठेवा, तो आपणहून हुंगायला येईल. यापुढे सगळी माहिती मराठीत छापून द्यायचं बघतोय, फोनचंही काहीतरी करतो.

तरीही ठेवायचा नसेल तर घेऊन या, पैशांचं समोरासमोर बोलू. फक्त सकाळी दहाच्या आत आणा, आणि खोक्यातून नको, जाळीच्या पिंजऱ्यातून आणा.