डाव्या अंगचा बैल

हिरो आणि होंडा या दोन कंपन्यांनी 1984 साली मांडलेला संसार 2010 च्या डिसेंबरात मोडायचे ठरले; पण आमच्या अंगणात तो पुढेही बारा वर्षे सुखाने चालला होता, कारण 2002 साली घेतलेल्या माझ्या स्प्लेंडरच्या टाकीवर ती दोन्ही नावे शेवटपर्यंत एकमेकांना बिलगून होती. गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी 2017 मध्ये संपली, ती मी पाच वर्षांसाठी वाढवून आणली. ती मुदतही सरली तेव्हा पुन्हा कागद घेऊन यवतमाळच्या फेऱ्या मारण्यापेक्षा नवी गाडी घ्यावी असे घरात ठरले, आणि ठरवणारे आमचे धाकटे चिरंजीव असल्यामुळे ती गाडी पल्सर निघाली. वीस वर्षे 97.2 सीसीवर नांदलेला मनुष्य अशा रीतीने 149.5 सीसीवर जाऊन बसला. नारळ फुटण्याच्या आधीच अर्ध्या गल्लीने “ॲव्हरेज किती देते?” असे विचारून घेतले, मास्तरांना ही चालवता येईल काय, असे मात्र कोणीच विचारले नाही.

अडचण गाडीत नव्हती, माझ्या डाव्या पायात होती. स्प्लेंडरचे गिअर सरळमार्गी माणसासारखे असतात. दांडीचे पुढचे टोक पंजाने दाबत जावे, की एक, दोन, तीन, चार. मागचे टोक टाचेने दाबत यावे, की उलटी मोजणी होऊन तळाशी न्यूट्रल. पल्सरमध्ये पहिला गिअर तेवढा पंजाने पडतो आणि पुढचे चारही टाचेने. म्हणजे जी टाच वीस वर्षे मला मागे आणत होती, तीच आता पुढे नेणार होती. हे मला शोरूममध्ये नीट समजावून सांगितले होते आणि समजलेही होते, परंतु समजले ते डोक्याला, आणि डोके गिअर टाकत नाही.

त्याचा प्रत्यय दारव्ह्याहून परतताना आला. मागे सौभाग्यवती, तिच्या मांडीवर बाजाराची पिशवी, रस्ता मोकळा, गाडी तिसऱ्या गिअरवर पंचेचाळीसच्या वेगात, आणि मला चौथा टाकावासा वाटला. पंजाने आपले वीस वर्षांचे इमान राखून दांडी खाली दाबली. गाडी चौथ्याऐवजी दुसऱ्यावर आली, इंजिन किंचाळले, शेपूट धरून कोणी मागे ओढावे तसा हिसका बसला, हिचे कपाळ माझ्या हेल्मेटवर आपटले आणि पिशवीतली वांगी डांबरी रस्त्यावर आमच्याही पुढे निघून गेली. ती वेचता वेचता तिने विचारले, “गाडी चालवून राह्यले का ज्वारी पाखडून राह्यले?”

घरी बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि सुपारी कातरत निदान केले. “डाव्या अंगचा बैल उजव्या अंगाले जुंपला त पयले चार दिवस वाकडाच चालते. त्याले मारून फायदा नसते.” जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असत, तीवरून उतरून दुसऱ्या गाडीवर बसलेल्यांनी थांबायचे म्हणून गिअर बदलले असतील, त्या मानाने आपण सुखी, असे मी मनाला बजावले. मनाला पटले, पायाला अर्थातच नाही.

दुसऱ्या दिवसापासून सौभाग्यवतीने मागे बसून धुरकऱ्याची जबाबदारी स्वीकारली. “टाच… टाच… आता पंजा” असा पुकारा करीत ती मला हाकू लागली, आणि खोटे कशाला बोलू, हिसके निम्म्यावर आले. न्यूट्रल मात्र तिच्याही हुकमतीत येईना. पूर्वी ते तळाशी हमखास सापडणारे ठिकाण होते. आता ते पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मधल्या फटीत, अर्ध्या दाबावर राहायला गेले होते. जरा जास्त दाबले की दुसरा, घाबरून उलट दाबले की पहिला, आणि हिरवा दिवा लुकलुकून लगेच विझलेला. थंड सकाळी टाकीखाली चोक चाचपण्याची सवयही अशीच वाया गेली. 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुरावरचे बीएस-6 हे नवे नियम आले आणि कार्ब्युरेटरसोबत चोकही गेला.

परंतु खरा छळ दिव्याने मांडला. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो आणि बंद करायला बटणच नसते. आमच्या रस्त्यावर मात्र दिवसा जळणारा दिवा पाहून गप्प बसणे हा माणुसकीला बट्टा समजतात. समोरून येणारा प्रत्येक जण हाताची पाच बोटे मिटतो आणि उघडतो. पऱ्हाटीच्या बंडीवर झोपलेला गडी त्यासाठी उठून बसतो. तुराटीने मडगार्डातला काळा चिखल कोरीत बसलेला मनुष्य काम थांबवून ओरडतो. सुरुवातीला मी थांबून कायदा समजावून सांगत असे. एका आजोबांनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “थे बराबर हाये मास्तर, पण बॅटरी उतरन ना!” तेव्हापासून मी नुसती मान डोलावतो.

मागच्या आठवड्यात एकटाच दारव्ह्याला गेलो होतो. बाजाराच्या तोंडाशी गर्दीमुळे गाडी थांबवावी लागली, दुसऱ्या गिअरवरून पंजा हलकेच अर्धा दाबला आणि पहिल्याच प्रयत्नात हिरवा दिवा लागला तो लागलाच. मी क्लच सोडला. गाडी जागची हलली नाही. हे पाहायला घरचे कोणीतरी हवे होते, या विचाराने मी इकडेतिकडे पाहिले. कोपऱ्यावरचा शेंगदाणेवाला माझ्याकडेच बघत होता. मी हसलो. त्याने हातातला मापटा खाली ठेवला, हात उंच केला आणि पाचही बोटे मिटून उघडली.

“मास्तर, लाइट चालू हाये!”