धान्यात त्या गोळ्या टाकू नका

'किराणा निम्म्यावर आणा' हा मेसेज मला चौथ्यांदा आला, या वेळी आत्याकडून. एरवी सोडून दिला असता. पण आत्याने त्यातलं वाचून गोळ्याही आणून ठेवल्या होत्या, म्हणून लिहितेय.

मेसेज म्हणतो: एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरा आणि कोठीत 'धान्याच्या गोळ्या' टाका, तळणीचं तेल संपेपर्यंत वापरा, डाळ आठवड्यातून दोनदाच करा, यादीशिवाय दुकानात जाऊ नका.

आधी गोळ्या. आत्याच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी दहा गोळ्यांची नळी होती. झाकण उघडलेलं नव्हतं, हे नशीब. ते ॲल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो, ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम. त्यावर उतारा नाही. हे औषध हवाबंद गोदामांसाठी, तेही प्रशिक्षित माणसांच्या हातात. म्हणूनच केंद्र सरकारने २००१ मध्ये १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर पूर्ण बंदी घातली. म्हणजे आत्याला दुकानदाराने जी नळी सहज काढून दिली, ती विकायलाच नको होती. आणि तिची कोठी कुठे आहे? नातवंडं झोपतात त्या खोलीत, खाटेच्या पायथ्याशी! कुणी गोळ्या टाकल्याच असतील तर कोठीत हात घालू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा.

सुगीला गहू स्वस्त मिळतो, हे मात्र खरं. पण तो फायदा खाणारी माणसं भरपूर आणि खोली कोरडी असेल तरच. तिघांच्या घरात दोन-तीन महिन्यांचा पुरे. आमची आजी गव्हाला कडक ऊन द्यायची, गार झाला की एरंडेलाचा हात लावायची. पसा पसा गहू तळहातांत इतका चोळायची की दाणा चकाकायचा, पण तेलकट लागायचा नाही. मग घट्ट झाकणाचा डबा. एवढ्यावर आमचा गहू टिकायचा.

तेलाचं तर बोलूच नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या सूचनांत स्पष्ट म्हटलंय, तळलेलं तेल पुन्हा तळणीला घेऊ नका. गाळून एक-दोन दिवसांत भाजीला वापरा. कढईत मुळात तेल कमी घेतलं की प्रश्नच मिटतो.

डाळ कमी केली की पोरं पाच वाजता फरसाणाचा डबा शोधतात, मग बचत कसली? त्यापेक्षा रात्री वाटीभर मटकी भिजत घाला.

यादीचं पटलं. तेवढं एकच.

आत्या, नळी उघडू नकोस, मी येईपर्यंत नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी ठेव. रविवारी एरंडेल घेऊन येते, तू गहू उन्हात घालून ठेव.