लावणं आणि तोडणं यांच्या मधली वर्षं

ऑक्टोबर २०१९मध्ये उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मुंबईच्या आरेत करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाचा 'थांबा' असा आदेश येईपर्यंत मेट्रो कारशेडसाठी २,०००हून अधिक झाडं आडवी झाली होती. त्याच वर्षी राज्यात ३३ कोटी झाडं लावण्याची सरकारी मोहीम जोरात होती. शहरालगतच्या वनाबद्दल आपण आजही या दोनच प्रसंगी बोलतो: खड्ड्यात रोप ठेवून फोटो काढताना आणि करवत आल्यावर. मधली तीस-चाळीस वर्षं कोणाची जबाबदारी, हे कुणी विचारत नाही.

मी राहते अॅमस्टेलवेनला, अॅमस्टरडॅमला खेटून असलेल्या गावात. इथे आता भारतीय कुटुंबं भरपूर आहेत, त्यात मराठी घरंही बरीच. सगळ्यांचं फिरायला जायचं ठिकाण म्हणजे 'अॅमस्टरडॅमसे बोस', साधारण १,००० हेक्टरचं वन, शिफोल विमानतळाच्या शेजारी. नव्याने आलेल्या माणसाला ते फार जुनं, आपोआप वाढलेलं रान वाटतं. पण ही जमीन पोल्डरची, पाणी उपसून मिळवलेली, समुद्रसपाटीच्या खालची. इथे पूर्वी कुरणं होती.

अॅमस्टरडॅम महापालिकेने १९२८ साली वनाचा ठराव केला आणि १९३४ साली काम सुरू झालं. मंदीचे दिवस होते. आपल्याकडच्या दुष्काळी कामांसारखंच हजारो बेकारांच्या हाती फावडी दिली गेली. आराखडा कॉर्नेलिस व्हान ईस्टरेन आणि याकोबा मुल्डर या महापालिकेतल्याच रचनाकारांचा. जमिनीत पाणी साचलं तर मुळं कुजतात, म्हणून आधी निचऱ्याच्या नळ्या पुरल्या. मग ऑल्डर आणि पॉप्लर लावले, ओल सोसणारे आणि भराभर वाढणारे. त्यांच्या आडोशाला ओक, अॅश, बीच. आडोशाची ही झाडं पुढे काढायची, हे लावतानाच ठरलेलं होतं. ठरवलेलं शेवटचं झाड लागलं १९७० साली. म्हणजे मधलं महायुद्ध धरून छत्तीस वर्षं एका महापालिकेने एक काम सोडलं नाही. मला या वनातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

आणि लावून झाल्यावरही काम संपलेलं नाही. पानगळीनंतर काही खोडांवर रंगाचे ठिपके दिसू लागतात. ठिपका म्हणजे हे झाड विरळणीत, म्हणजे दाटी कमी करण्यासाठीच्या तोडीत, जाणार. वनाधिकारी झाडांच्या गर्दीत उभा राहून वर बघतो: कुठल्या ओकला उजेड कमी पडतोय, कोण कोणाला दाबतंय. मग मशीन येतं, ओंडके वाटेकडेला रचले जातात. आमच्या मराठी ग्रुपवर अशा ओंडक्यांचा फोटो हमखास येतो, खाली 'इथेही हेच चालतं!' असा संताप. तो संताप मला समजतो, आपल्या अनुभवातूनच आलेला आहे. पण त्या वाटेने तीन-चार वर्षांनी जाऊन बघा. उजेड उतरलेल्या जागी नवी रोपं छातीएवढी झालेली असतात. अॅशवर बुरशीचा रोग आला, तेव्हा पायवाटांजवळची धोकादायक झाडं काढावी लागली आणि त्या जागी दुसऱ्या जातींची लागवड करावी लागली. माणसं, पैसा, दहा वर्षांचा आराखडा आणि त्यावर लोकांची भांडणं हे सगळं असल्यामुळे ते झालं.

आता पुण्याकडे बघू. वेताळ टेकडीवर पूर्वी वन खात्याने गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे बाहेरून आलेलं झाड लावलं. भराभर वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, टेकडी लवकर हिरवी दिसते. त्या वेळच्या उजाड उतारांवर ते वावगं नव्हतं. पण आडोशाला लावलेलं झाड पुढे काढायचं असतं, ते काढायला कुणी आलंच नाही. आज पावसाळ्यात टेकडी गच्च हिरवी आणि एप्रिलमध्ये काटक्यांचं रान. खालच्या सुक्या गवताला आग लागली की वणवा सगळा उतार खातो, आणि सालई, मोई, गणेर यांची कोवळी रोपं आधी जातात.

हे लिहिताना एक भीती वाटते, आणि ती खरी आहे: 'विरळणी' हा शब्द हाती मिळाला की उद्या याच टेकडीवरून न्यायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्यासाठीही तोच वापरतील. म्हणून माझी कसोटी एकच आहे. झाड गेल्यावर जमीन वनाचीच राहते का? नेदरलँड्समध्ये वन तोडलं तर साधारणपणे तीन वर्षांत पुन्हा लागवड करणं कायद्याने बंधनकारक आहे. विरळणीनंतर जमीन वनाकडेच राहते. डांबर पडलं की ती गेली, मग त्या बदल्यात शहराबाहेर कितीही रोपं लावा. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीत ५० वर्षांवरचं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची तरतूद आहे. हेतू चांगला. पण शंभर रोपं म्हणजे टेकडी नव्हे, आणि त्यांतली किती जगली हे पाच वर्षांनी मोजायला कोण जाणार?

इथलं सगळंच तिकडे नेण्यासारखं नाही, हेही तितकंच ठामपणे सांगते. इथे वर्षभर पाऊस पडतो, पुण्याला जेमतेम चार महिने, तोही मुरमाड जमिनीवर. पुण्याच्या टेकड्यांचा बराच भाग मुळात माळरानाचा आहे. तिथल्या कुसळी गवतात चंडोल घरटं करतो. दर चौरस मीटरला तीन-चार रोपं दाटीने लावणारी मियावाकी पद्धत तिथे आणणं म्हणजे एक अधिवास मोडून दुसरा उभा करणं. आणि आरेत तर वारली पाडे आहेत, बिबट्या आहे. तिथला आराखडा पाड्यांतल्या माणसांना विचारल्याशिवाय कागदावर येताच कामा नये.

पुण्यात सुरुवात छोट्या तुकड्यांपासून करता येईल. उतारावरचा गिरिपुष्पाचा एखादा पट्टा निवडायचा, पावसाळ्याआधी त्यातली काही झाडं काढून उजेड करायचा, आत इथल्याच बियांची रोपं लावायची, माळाचा भाग गवतालाच सोडायचा, हिवाळा सरताना वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढायच्या. कुठलं झाड का काढतोय, याची पाटी महिनाभर आधी वाटेवर लावायची. दरवर्षी जगलेली रोपं मोजून आकडा जाहीर करायचा. टेकडीवर रोज फिरणारी शेकडो माणसं आहेत, मोजणीला त्यांच्यातलेच लोक मिळतील. वनरक्षकांच्या पगाराची तरतूद मात्र किमान वीस वर्षांसाठी हवी, आणि ती पुढच्या अर्थसंकल्पाच्या चर्चेतच मागायला हवी.