झाडं होती, तरी दरड आली

जुलैची झड लागली की तोच मजकूर मोबाइलवर येऊन पडतो: 'डोंगर बोडके केले म्हणून दरडी कोसळतात. मुळं माती धरतात. झाडं लावा, गावं वाचतील.' झाडं लावायला माझी ना नाही. पण भरवसा त्यांच्यावर टाकायचा, तर आधी हे तपासायला हवं.

बोडके डोंगरच कोसळतात? 30 जुलै 2024 ला केरळमधल्या वायनाडची दरड सुटली ती 1,550 मीटर उंचीवरच्या रानातून, आणि सुमारे 8 किलोमीटर वाहत गेली. वाटेतली झाडं तिला अडवू शकली नाहीत. उन्मळून तिच्याबरोबर निघाली.

मुळं माती धरतात हे खरंच. पण किती खोल? बहुतेक मुळांची पकड वरच्या मीटर-दोन मीटरपुरती. सह्याद्रीत मातीखाली मुरूम, त्याखाली झिजलेला दगड आणि मग काळा कातळ. चार दिवसांचं पाणी मुरत खाली जातं, कातळाशी अडतं आणि तिथे तुंबतं. त्याचा दाब वाढला की वरच्या थराची पकड सुटते. घसरण मुळांच्या खालूनच झाली, तर वरचं झाड म्हणजे नुसतं ओझं.

'मग सगळा दोष पावसाचा,' असंही कुणी लगेच म्हणेल. 22 जुलै 2021 ला महाडजवळच्या तळीये गावावर दरड आली, तेव्हा महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला होता. पण त्या पावसात भिजलेले सगळेच डोंगर खाली आले नाहीत. उतार किती, सुटी माती किती जाड, पाणी कुठे जिरतं आणि पायथा कुणी कापला, यावर ठरतं. 2014 मध्ये पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, तेव्हा वरचा उतार यंत्रांनी सपाट करून काढलेल्या खाचरांकडे बोट दाखवलं गेलं. रायगडमधल्या इर्शाळवाडीला मात्र गाडीरस्ताच नव्हता. 2023 मध्ये तिथे दरड आली, तेव्हा बचावपथकं डोंगर चढून गेली. प्रत्येक दरडीमागे रस्त्याचं खोदकामच असतं असंही नाही.

राहिली वृक्षारोपणाची गोष्ट. रोपं लावायची म्हणून वाडीच्या डोक्यावरच सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीतले चर खणले, तर वाहून जाणारं पाणी आपण त्याच उतारात मुरवतो. दुष्काळी माळावर हे शहाणपणाचं. कोकणातल्या तीव्र उतारावर, घरांच्या वर, नाही. तिथे चर हवा तो पाणी बाजूला काढून ओढ्याला नेणारा.

मोबाइलवर काही पुढे पाठवायचंच असेल तर हे पाठवा: घरामागच्या उतारावर नवी भेग, एकाएकी कललेले खांब, गढूळ झालेला किंवा नव्यानेच फुटलेला झरा. यातलं काही दिसलं, तर त्या रात्री घरात झोपू नका.