हायकोर्ट बांधायला काढताय?

उगाच काचेच्या इमारतींचे नकाशे मागवू नका. फोर्टमधल्या मुंबई हायकोर्टावरून गिरवा. कर्नल फुलर या लष्करी इंजिनिअरने १८७१ ते १८७८ या सात वर्षांत ते उभारले. खर्च १६,४४,५२८ रुपये, म्हणजे मंजूर रकमेतून २,६६८ रुपये चक्क उरले! हे आजच्या कंत्राटदारांच्या कानावर घालू नका, हार्टचे पेशंट असतात बिचारे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. न्यायमूर्तींना ती चढावीच लागते, तेव्हा त्यांना निदान वेगळ्या पायऱ्या द्या. फुलरने दर्शनी बाजूला दोन अष्टकोनी मनोरे उभे करून त्यांत त्यांचे खास जिने घातले. पक्षकाराशी गाठ पडायची ती कोर्टातच.

कारागिराचे पैसे बुडवू नका. बुडवलेच, तर निदान कोरीवकाम त्याच्याकडे देऊ नका. इथे एक पोटकंत्राटदार कोर्टात दावा हरला आणि त्याने दगडावर सूड उगवला, असे सांगतात. तराजू धरलेले एक डोळा बांधलेले माकड आणि गळ्याला वकिली बँड लावलेला कोल्हा अजून तिथे आहेत.

आता दुसऱ्या मजल्यावरचे सेंट्रल कोर्ट. छत उंच ठेवा, लाकूडकाम भारदस्त करा, मग आत काय चालते याकडे फारसे लक्ष जात नाही. टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला इथलाच. अशा वेळी न्यायमूर्ती ओळखीतले नेमावेत : इथल्या न्यायमूर्ती दावरांनीच १८९७ साली टिळकांना जामीन मिळवून दिला होता, वकील म्हणून. खटला 'केसरी'तल्या मराठी अग्रलेखांवर होता, तेव्हा ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी बसवले की झाले. मराठीचे काय, भाषांतर करून मिळते! निकाल सात विरुद्ध दोन. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावून घरी जायला मोकळे.

यानंतर घाई करू नका. चांगली ४८ वर्षे जाऊ द्या. आरोपी वारूनही ३६ वर्षे उलटली, की मुख्य न्यायमूर्तींच्याच हस्ते कोर्टाबाहेर पाटी लावा. इथे १९५६ मध्ये छागलांनी लावली. मजकूर शोधत बसायला नको. ज्युरीने काहीही ठरवले तरी मी निर्दोषच आहे, हे आरोपीने तेव्हाच सांगून ठेवलेले असते. तेच संगमरवरात कोरा. अपिलाची मुदत तोवर टळलेली असते.